युरोपातल्या देशांचं दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजांत युरोपचा उत्सर्जनाचा आलेख पडद्यावर लावला की हात वर होतात, आणि बहुतेक वेळा प्रश्न तेच असतात. काही प्रश्न जर्मनी-ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडूनही येतात, कारण तिथल्या बातम्यांत हे आकडे रोज ऐकू येतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. मला या आलेखात पहिला-दुसरा नंबर कुणाचा, यापेक्षा रेषा कुठे वळली आणि का वळली, हे फार मोलाचं वाटतं. त्यामुळे बरीचशी उत्तरं त्या वळणांभोवती फिरतात.

दरडोई उत्सर्जन म्हणजे नेमकं काय?

एखाद्या देशाच्या हद्दीत वर्षभरात कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून, तसंच सिमेंट बनवताना जो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्याला त्या देशाच्या लोकसंख्येने भागायचं. येतो तो आकडा टनांत. जंगलतोड आणि शेतजमिनीतले बदल यात सहसा धरत नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा मांडतात.

हा प्रत्येक माणसाच्या वागण्याचा आकडा नाही, हे विसरू नये. पोलादाचा कारखाना, वीज केंद्र, लष्कराच्या गाड्या, सगळ्यांचा धूर त्यात येतो आणि तान्ह्या बाळाच्या वाट्यालाही तेवढाच लागतो.

एक टन म्हणजे किती? डोळ्यांसमोर काही येत नाही.

आपल्या घरातला १४.२ किलोचा गॅस सिलिंडर घ्या. तो संपेपर्यंत साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे एक टनासाठी चोवीस सिलिंडर लागतात. चार माणसांच्या घराला तेवढे सिलिंडर दोन-तीन वर्षं सहज पुरतील.

पेट्रोलचं बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरचं वजन पाऊण किलो आणि धूर सव्वादोन किलोचा कसा, असं मुलं हमखास विचारतात. कारण जळताना इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि वजनाचा मोठा भाग त्या ऑक्सिजनचा असतो. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर साडेएकोणीस हजार किलोमीटर चालवली, की एक टन झाला.

हे मोजतात कसं? चिमणीला मीटर लावतात का?

काही मोठ्या केंद्रांत मोजणी यंत्रं असतात, पण देशाचा आकडा मुख्यतः हिशेबाच्या वहीतून येतो. किती कोळसा काढला, किती आयात केला, किती निर्यात केला, साठा किती उरला, यावरून किती जळला ते कळतं. मग प्रत्येक इंधनाला ठरलेल्या गुणकाने गुणतात. इंधनावर कर असतो, त्यामुळे त्याची नोंद सरकारं फार काटेकोर ठेवतात. म्हणूनच हे आकडे इतर अनेक पर्यावरणीय आकड्यांपेक्षा भरवशाचे असतात.

मग १८५० किंवा १९०० सालचे आकडे कुठून आले?

तेही वह्यांतूनच. ब्रिटनमध्ये खाणीतून निघालेल्या आणि बंदरातून गेलेल्या कोळशाच्या नोंदी जुन्या काळापासून आहेत. त्या इतक्या बोलक्या आहेत की १९२६ साली ब्रिटिश खाण कामगारांचा लढा सुमारे सात महिने चालला, तर त्या वर्षी ब्रिटनची रेषा विहिरीत पडावी तशी खाली जाते आणि पुढच्या वर्षी परत वर येते. मी हा खड्डा मुलांना मुद्दाम दाखवतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कामगारांनी टिकाव-फावडं खाली ठेवलं, त्याची खूण आजच्या आलेखात आहे.

जुन्या आकड्यांत एक अडचण आहे ती सीमांची. जर्मनीची रेषा १९९० पूर्वीही एकच दिसते, कारण पूर्व आणि पश्चिम जर्मनीची बेरीज करून ती मागे नेली आहे. एस्टोनिया-लाटव्हियाचे सोव्हिएत काळातले आकडे सोव्हिएत संघाच्या एकूण आकड्यातून वेगळे काढलेले आहेत. त्यामुळे तिथे दशांश चिन्हापुढे फार विश्वास ठेवू नये.

आज युरोपात सगळ्यांत वर कोण आणि खाली कोण?

युरोपीय संघाची सरासरी २०२३ मध्ये साडेपाच टनांच्या थोडी वर होती. १९९० मध्ये ती नऊच्या वर होती. लक्झेंबर्ग दहाच्या वर, आइसलँड नऊच्या आसपास, जर्मनी आणि पोलंड सात-आठच्या घरात, ब्रिटन साडेचारच्या जवळपास, फ्रान्स चारच्या थोडा वर, स्वीडन साडेतीनच्या आसपास. तळाशी अल्बानिया, दीड ते पावणेदोन टन.

लक्झेंबर्ग इतका वर का? तिथले लोक इतकं काय जाळतात?

बरंचसं इंधन ते जाळतच नाहीत. तिथे पेट्रोल-डिझेलवर कर शेजाऱ्यांपेक्षा कमी राहिला आहे, म्हणून जर्मनी, फ्रान्स, बेल्जियमच्या गाड्या आणि ट्रक तिथे टाकी भरून पुढे जातात. विक्री लक्झेंबर्गमध्ये झाली म्हणून धूर लक्झेंबर्गच्या खात्यात लिहिला जातो. शिवाय रोज दोन लाखांहून जास्त माणसं सीमेपलीकडून कामाला येतात. ती भागाकारात नसतात, पण त्यांच्या कचेऱ्या आणि गाड्या वरच्या आकड्यात असतात.

तरीही हा देश १९७० च्या सुमारास कुठे होता ते बघा: दरडोई चाळीस टनांच्या आसपास! तेव्हा तिथे पोलादासाठी कोळशावर चालणाऱ्या मोठ्या भट्ट्या, म्हणजे ब्लास्ट फर्नेस, धडधडत होत्या. नव्वदच्या दशकात त्या बंद होऊन विजेच्या भट्ट्या आल्या आणि रेषा कोसळली. इतक्या छोट्या देशात एक उद्योग बदलला की सगळा आलेख बदलतो.

आइसलँडमध्ये तर घरंही जमिनीतल्या उष्णतेवर तापतात. मग नऊ टन कसे?

दहातली नऊ घरं भूगर्भातल्या गरम पाण्यावर तापतात आणि वीज जवळजवळ सगळी पाण्याची किंवा भूगर्भातली, हे खरं आहे. पण ती स्वस्त वीज ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना जाते. ॲल्युमिनियम तयार करताना कार्बनचे विद्युतदांडे झिजतात आणि त्यांचाच कार्बन डायऑक्साइड होतो. वीज कितीही स्वच्छ असो, तो धूर निघतोच. त्यात मासेमारी बोटींचं डिझेल, आणि भागायला लोकसंख्या चार लाखांच्याही आत.

ब्रिटन खाली कसं आलं?

१९०० च्या सुमारास ब्रिटनचं दरडोई उत्सर्जन दहा टनांच्या आसपास होतं. वीज, रेल्वे, गिरण्या, आणि घराघरातली शेगडी, सगळं कोळशावर. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं. हजारो माणसं दगावली. चार वर्षांनी स्वच्छ हवेचा कायदा झाला. तो काजळीसाठी होता, कार्बनसाठी नव्हे, पण घरातला कोळसा हटायला तिथून सुरुवात झाली. मग उत्तर समुद्रातला वायू घरोघरी पोहोचला. दरडोई शिखर आलं १९७१ च्या आसपास, जवळजवळ बारा टन.

पुढची उतरण दोन टप्प्यांची आहे. नव्वदच्या दशकात वीज कंपन्यांनी कोळसा सोडून वायूची केंद्रं बांधली. हेतू पर्यावरणाचा नव्हता, वायू परवडत होता एवढंच. तेवढ्याच विजेला वायूचा धूर कोळशाच्या साधारण निम्मा. दुसरा टप्पा मात्र ठरवून घडवला. २००८ चा हवामान बदल कायदा, २०१३ पासून कार्बनला किमान किंमत, आणि समुद्रातल्या पवनचक्क्या. २०१२ मध्ये ब्रिटनच्या विजेत कोळशाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता. ३० सप्टेंबर २०२४ ला तो शून्य झाला.

त्या दिवशी बंद झालेलं शेवटचं केंद्र नॉटिंगहॅमजवळचं रॅटक्लिफ-ऑन-सोर. मिडलँड्समधून रेल्वेने जाताना त्याचे आठ अवाढव्य शीतक मनोरे दिसतात, मधून आत दबलेले. केंद्र चालू असताना त्यांच्यातून वाफ निघायची. ती वाफ पाण्याची असायची, कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. तो शेजारच्या उंच, बारीक चिमणीतून जायचा. लंडनमध्ये होबर्न व्हायाडक्टला कोळशावरची पहिली सार्वजनिक वीज १८८२ साली निघाली होती. म्हणजे १४२ वर्षांचा अध्याय तिथे संपला. आज ब्रिटनचा दरडोई आकडा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याजवळ होता तिथे परत आला आहे. मला या सगळ्या आलेखात सर्वांत जास्त उमेद देणारी रेषा हीच वाटते, कारण कोळशावर वाढलेला सगळ्यांत जुना देश तो सोडू शकतो, हे तिने दाखवलं.

फ्रान्स आणि जर्मनी शेजारी आहेत, दोघंही श्रीमंत. मग एवढा फरक का?

एका निर्णयामुळे. १९७३ च्या तेलसंकटात दोघंही होरपळले. फ्रान्सकडे स्वतःचं तेल जवळपास नव्हतं आणि कोळशाच्या खाणी संपत आल्या होत्या. १९७४ च्या मार्चमध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी अणुऊर्जेचा मोठा कार्यक्रम जाहीर केला आणि पुढच्या पंधरा वर्षांत पन्नासच्या आसपास अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. फ्रान्सचा दरडोई आकडा १९७० च्या दशकात दहाच्या जवळपास होता, १९८० चं दशक संपताना साडेसहाच्या आसपास आला. तेव्हा हवामान बदल हा राजकारणाचा विषयही नव्हता. तेलावरचं अवलंबित्व सोडायचं, एवढाच हेतू होता.

जर्मनीकडे स्वतःचा कोळसा होता, विशेषतः तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइट. तो ओला आणि कमी उष्णतेचा असतो, पण जमिनीच्या वरच्या थरातच सापडतो, त्यामुळे स्वस्त. एक युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. १९७९ च्या सुमारास दोन्ही जर्मनी मिळून दरडोई चौदा टनांच्या वर होत्या. आज आकडा निम्मा झाला आहे, २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त वीज वारा-सूर्य-पाणी-जैविक इंधनांतून आली, हे मोठंच काम आहे. पण १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत लिग्नाइटच्या खाणीसाठी ल्युट्झेराथ हे गाव पोलिसांनी रिकामं केलं. कायद्याप्रमाणे कोळसा बंद करायची मुदत २०३८. माझं स्पष्ट मत असं की क्रम उलटा हवा होता: आधी कोळसा, मग अणुऊर्जा. जर्मनीतल्या मित्रांशी यावर माझा वाद होतो. अणुकचऱ्याची त्यांची भीती खोटी नाही, पण आलेखावर दिसतं ते मला दिसतंच.

स्वीडनने कार्बन कर लावून हे साधलं ना?

अर्धं खरं. कर १९९१ मध्ये लागला, टनाला २५० क्रोनरपासून, आणि पुढे कित्येक पटींनी वाढत गेला. पण रेषा नीट बघा. १९७० च्या सुमारास दरडोई साडेअकरा टन, १९९० च्या सुमारास साडेसहा-पावणेसात. म्हणजे मोठी उतरण कराच्या आधीच झाली होती! तेल जाळून तापणारी घरं सामायिक गरम पाण्याच्या नळांवर आणि विजेवर गेली, वीज पाण्याची आणि अणूची. कराने ती वाट पुढे चालू ठेवली, विशेषतः घरं तापवण्यातून तेल जवळजवळ हद्दपार केलं. कार्बन कर लावणारा पहिला देश मात्र स्वीडन नाही. तो मान फिनलंडचा, १९९० सालचा.

पूर्व युरोपात १९९० नंतर रेषा कड्यावरून पडल्यासारखी का दिसते?

कारण नुसता धूर थांबला नाही, रोजगारही थांबला. समाजवादी काळातले पोलाद, रसायनं, सिमेंटचे कारखाने इंधन उधळत होते, कारण इंधनाची खरी किंमत कुणी मोजतच नव्हतं. व्यवस्था कोसळली तसे ते बंद पडले. एस्टोनियात दरडोई आकडा १९९० मध्ये तेवीस टनांच्या आसपास होता. तिथे वीज तेलधारी शेल खडक जाळून होते आणि ती शेजारच्या सोव्हिएत भागांनाही जात होती. काही वर्षांतच तो आकडा खूप खाली आला.

पूर्व जर्मनीत लिग्नाइटच्या विटा घराघरात, चिनीमातीच्या फरशा लावलेल्या उंच शेगडीत जळत. त्या काळात हिवाळ्यात तिथे राहिलेली माणसं त्या गंधकी वासाबद्दल अजून बोलतात. एकीकरणानंतर ती शेगडीही गेली आणि लाउझित्स या तिथल्या लिग्नाइट-खाणींच्या भागातल्या हजारो खाणकामगारांची नोकरीही.

म्हणून ‘१९९० च्या तुलनेत इतके टक्के घट’ असं वाक्य वाचलं की थांबा. उत्सर्जन कमी करण्यासाठी देशांनी केलेल्या १९९७ च्या क्योटो करारात १९९० हे आधारवर्ष धरलं. त्याच्या पुढचीच वर्षं कोसळण्याची, त्यामुळे पूर्वेकडच्या देशांची टक्केवारी फार सुरेख दिसते. रोमेनियाच्या घटीत आणि डेन्मार्कच्या घटीत हाच फरक आहे.

पोलंडची कथा अजून सुरू आहे. १९८० च्या दशकात बारा-तेरा टन, नंतर उतरण, मग बराच काळ सपाट. २०२२ मध्येही तिथली सुमारे ७० टक्के वीज कोळशाची होती आणि बेउहातुफचं लिग्नाइट केंद्र युरोपातलं सगळ्यांत मोठं कोळसा केंद्र आहे.

डेन्मार्कच्या रेषेत १९९६ ला तो सुळका कसला?

पावसाचा! म्हणजे न पडलेल्या पावसाचा. त्या वर्षी नॉर्वे-स्वीडनमध्ये धरणं कोरडी राहिली, पाण्याची वीज कमी पडली. डेन्मार्कने आपली कोळशाची केंद्रं जोरात चालवून शेजाऱ्यांना वीज विकली. दरडोई आकडा दहाच्या आसपास असायचा तो चौदाजवळ गेला. डॅनिश माणसांनी त्या वर्षी काही वेगळं केलं नव्हतं. आज तिथे निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची आहे आणि दरडोई आकडा पाचच्या आसपास.

सगळ्याच देशांची रेषा खाली येते आहे का?

बहुतेकांची, हो. शिखर मात्र वेगवेगळ्या काळात आलं. पोर्तुगाल १९६० मध्ये एक टनाच्याही आत होता. गरीब देश, थोडे कारखाने, थोड्या गाड्या. युरोपीय समुदायात गेल्यावर तो वर चढत गेला आणि या शतकाच्या सुरुवातीला साडेसहाच्या आसपास पोहोचला. मग पवनचक्क्या, धरणं आणि मंदी, तिन्ही मिळून उतरण. २०२१ मध्ये कोळशाची शेवटची दोन्ही केंद्रं बंद झाली, आधी सिनेश, मग पेगू. स्पेन आणि ग्रीसचंही चित्र साधारण असंच.

युरोपने कारखाने चीनला पाठवले, म्हणून आकडा कमी दिसतो. बरोबर ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ दोन्ही अपुरं आहे. आपल्या राज्यातलं उदाहरण घेऊ. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा धूर चंद्रपूरच्या माणसांच्या छातीत जातो, आणि ती वीज पुण्या-मुंबईतही वापरली जाते. हद्दीप्रमाणे हिशेब केला तर सगळा धूर चंद्रपूरचा. वापराप्रमाणे केला तर त्यातला बराच पुण्या-मुंबईचा.

देशांचंही तेच. वापराप्रमाणे हिशेब मांडला की ब्रिटनचा आकडा साधारण दीडपट होतो. स्वित्झर्लंडचा हद्दीतला आकडा चारच्या आसपास, वापराचा त्याच्या तिप्पट. तेव्हा आरोपात तथ्य आहे. पण पूर्ण खरा नाही, कारण वापराप्रमाणे मोजलेली रेषाही ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, स्वीडनमध्ये उतरते आहे. कोळशाच्या जागी वारा आला, तो कारखाना चीनला गेल्यामुळे नव्हे.

वापराच्या आकड्यांत एक कमजोरी आहे. ते साधारण १९९० पासूनच मिळतात आणि व्यापाराच्या गुंतागुंतीच्या कोष्टकांवर उभे असतात. म्हणून जुना इतिहास बघायला हद्दीचाच आकडा घ्यावा लागतो.

नॉर्वेत तर नव्या गाड्या बहुतेक विजेवरच्या. तरी सात टनांच्या वर का?

२०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ नव्या मोटारी पूर्ण विजेवरच्या होत्या. पण समुद्रातल्या तेल-वायूच्या फलाटांवर यंत्रं चालवायला वायू जळतो. देशाच्या हरितगृह वायूंचा सुमारे चौथा हिस्सा तेल-वायू उद्योगाचा आहे. आणि तिथून निर्यात होणारं तेल जिथे जळतं, त्या देशाच्या खात्यात जातं. मला हे हिशेबाचं सर्वांत मोठं भोक वाटतं.

मुंबई-लंडन विमानाचा धूर कुणाचा?

देशांच्या यादीत कुणाचाच नाही. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजांच्या इंधनाची नोंद वेगळी ठेवतात. देशांतर्गत उड्डाणं मात्र धरतात.

आयर्लंडमध्ये एवढी गुरं आहेत, तो परिणाम यात दिसतो का?

नाही. गुरांचा मिथेन हा वेगळा वायू. तो ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ असं लिहिलेल्या आकड्यात येतो. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत ना, हे आधी बघा.

लोकसंख्या घटली तर दरडोई आकडा फसवतो का?

फसवू शकतो. लाटव्हियाची लोकसंख्या १९९० मध्ये २६ लाखांच्या वर होती, आता १९ लाखांच्या आत आहे. तिथे एकूण उत्सर्जन दरडोई आकड्यापेक्षा जास्त उतरलं. युक्रेनचे २०२२ नंतरचे आकडे तर मी वर्गात दाखवतच नाही. लाखो माणसं देश सोडून गेली आहेत, वीज केंद्रं बॉम्बखाली आहेत. त्या उतरणीला ‘घट’ म्हणायला जीभ रेटत नाही.

भारताचा आकडा दोनच्या आसपास आहे. मग आपल्याला यातून काय?

आपला आकडा स्वीडनपेक्षाही कमी आहे, हे अभिमानाने सांगणारे भेटतात. मला त्यात फक्त अभिमान दिसत नाही. त्या दोन टनांत अपुरी वीज आणि साधे संसारही आहेत. हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं टिकतो, त्यामुळे १९०० सालचा ब्रिटिश कोळसा आजच्या उष्म्यात सामील आहे, आणि तेव्हा आपला वाटा नगण्य होता. हा न्यायाचा मुद्दा ठामपणे मांडायलाच हवा.

व्यवहारातही संबंध आहे. युरोपीय संघ पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं यांच्या आयातीवर कार्बनची किंमत लावतो आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून नोंदी मागितल्या जाऊ लागल्या, २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा. पोलादी नट-बोल्ट युरोपला पाठवणाऱ्या कारखानदारालाही आपल्या मालामागचा धूर किलोत सांगावा लागतो.

दोन ठिकाणी एकाच देशाचे वेगळे आकडे दिसतात. खरा कोणता?

बहुधा दोन्ही, व्याख्या वेगळ्या. एकात सगळे वायू, दुसऱ्यात फक्त कार्बन डायऑक्साइड. एकात सिमेंट, दुसऱ्यात नाही. लाकूड जाळलेलं तर चिमणीपाशी शून्य धरतात, कारण झाड परत वाढेल असं गृहीत असतं आणि तोडीचा हिशेब जंगलाच्या खात्यात जातो. जुन्या अहवालांत नुसत्या ‘कार्बन’चं वजन दिलेलं असतं. त्याला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइडचं वजन मिळतं.

तुलनेसाठी कोणतं वर्ष घ्यावं?

एकच वर्ष घेऊ नये. २०२० तर मुळीच नाही, तेव्हा टाळेबंदी होती आणि २०२१ मध्ये बहुतेक रेषा परत वर गेल्या. २००९ मंदीचं. थंड हिवाळा असला की घरं तापवायला जास्त इंधन लागतं, पाऊस कमी झाला की डेन्मार्कसारखं होतं. मी तीन किंवा पाच वर्षांची सरासरी काढतो आणि मुलांना आधी १९७०, १९९०, २००५ आणि आत्ताचं वर्ष, अशा चार जागी पेन्सिलने उभ्या रेघा मारायला सांगतो. २००५ अशासाठी, की त्या वर्षी युरोपीय संघाचा उत्सर्जन परवान्यांचा बाजार सुरू झाला.